आधी खूण खरी आहे का ते पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या ‘मसल कार’वर पानभर लेख आला होता. मिरजेहून भावानं फोटो काढून पाठवला, म्हणून मी तो इथं मिशिगनमध्ये वाचला. पुढच्या आठवड्यात त्यावर साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्रही आलं. आजोबांची फियाट वीस वर्षं शेडमध्ये उभी आहे, लेख वाचून हुरूप आला आहे आणि येत्या दसऱ्याला नवी बॅटरी लावून ती सुरू करणार आहोत, असं त्यांनी लिहिलं आहे. ते पत्र वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे लिहायला बसले.

लेखात सांगितलेली पद्धत अशी: नवी बॅटरी, ताजं पेट्रोल, प्लग बदलायचे, सेल्फ मारायचा. गाडी सुरू झाली की मोठा कार्बोरेटर आणि ‘गरम’ कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा, बसवून ताकद वाढवायची. मी एक मसल कार स्वतःच्या हातानं उभी केली आहे. १९६८ची पाँटियाक जीटीओ. त्या अनुभवावरून सांगते, ही पद्धत गाडी मारणारी आहे. सेल्फ मारणं ही पहिली पायरी नाही, ती जवळजवळ शेवटची आहे.

आधी लेखातल्या दोन गोष्टी दुरुस्त करते. मसल कार म्हणजे कुठलीही लांबलचक अमेरिकन गाडी नव्हे. मधल्या आकाराच्या, त्या मानानं हलक्या आणि स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं की ती मसल कार. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीला ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही. पाँटियाक ही जनरल मोटर्सचीच शाखा. तिचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ घनइंचाचं इंजिन टेंपेस्ट गाडीवर ‘जादा पैसे देऊन मिळणारा पर्याय’ म्हणून देऊ केलं. नियम नव्या मॉडेलला होता, पर्यायाला नव्हता. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या गेल्या आणि मग नियमाचं नाव कोणी काढलं नाही. दुसरी गोष्ट अश्वशक्तीची. माझ्या गाडीच्या ४०० घनइंची, म्हणजे साधारण साडेसहा लिटरच्या इंजिनाची ताकद कागदावर ३५० आहे. लेखकानं हा आकडा आजच्या गाडीशी लावून पाहिला आहे. पण तो मोजला होता सुटं इंजिन स्टँडवर ठेवून, गाडीतला सायलेन्सर आणि एअर क्लीनर त्याला न जोडता. गाडीत बसवल्यासारखं इंजिन मोजून आकडे द्यायची पद्धत अमेरिकेत १९७२च्या मॉडेलांपासून आली. तेव्हा ते दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

आता गाडीबद्दल. शेजारचे आजोबा पाँटियाक गावातल्या फाउंड्रीत कामाला होते. इंजिनांचे बिडाचे ब्लॉक तिथं ओतले जात. १९६८च्या वसंतात त्यांनी ही गाडी नवी घेतली. गावाचं नाव पाँटियाक, कंपनीचं नाव पाँटियाक, आणि गाडीच्या नंबरातलं ‘पी’ अक्षर सांगतं की ती जोडलीही त्याच गावात. नंबराची सुरुवात २४२नं आहे. १९६६पासूनच्या त्या काळातल्या गाड्यांत २४२ म्हणजे अस्सल जीटीओ, नाहीतर त्याच बांध्याच्या साध्या ‘ल मान्स’ मॉडेलला जीटीओ नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या बऱ्याच फिरतात. त्या वर्षी गाडीला पुढं क्रोमचा बंपर न देता गाडीच्याच रंगाचं, दणका सोसून परत आकाराला येणारं नाक दिलं होतं. आजोबा ऐन ऐंशीच्या घरातही त्या नाकावर मूठ आपटून दाखवायचे.

१९८९मध्ये त्यांनी गाडी लाकडी गॅरेजमध्ये लावली ती परत काढलीच नाही. बायकोचं आजारपण, मग स्वतःचं. २०१७च्या हिवाळ्याआधी ते गेले. त्यांच्या मुलीनं मला किल्ली दिली तेव्हा एवढंच म्हणाली, “कापू नका आणि दुसरंच काहीतरी करू नका.” पैसे तिनं मागितले त्याहून मी थोडे जास्त दिले.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल केलं आणि इथं सत्तावीस वर्षं इंजिनं ट्यून करण्याचंच काम केलं. मात्र ते संगणकावर. हातानं गाडी खोलायचं शिक्षण मला त्याआधी मिळालं, मिरजेत अण्णांच्या गॅरेजमध्ये. अण्णा ज्या मिस्त्रींकडे शिकले ते मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते. १९२८ ते १९५४ तिथं शेव्हरोले गाड्या जोडल्या जात. आपल्याकडे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं ठिणगी पोचवणाऱ्या भागाला, सगळे ‘डेल्को’च म्हणतात. लहानपणी मला तो शब्द आपल्याकडचाच वाटे. आजोबांच्या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं, डिस्ट्रिब्युटरवरची तीस वर्षांची धूळ बोटानं पुसली आणि खाली ‘डेल्को-रेमी’ अशी ओतीव अक्षरं निघाली, तेव्हा मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

एअर क्लीनरच्या डब्यात काळ्या अक्रोडाची टरफलं आणि उंदराचं घरटं होतं. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या व्हार्निशचा वास येत होता. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि आठवडाभर हात लावला नाही. मग दोन्ही बाजूंची टॅपेट कव्हरं काढली, क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टला लांब पाना लावला आणि डोळे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवर ठेवून सावकाश फिरवलं. सहा नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली गेला तो वर आलाच नाही. गाइडमध्ये चिकटून बसला होता. त्या जागी मी सेल्फ मारला असता तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळला असता, पुशरॉड वाकला असता, कदाचित पिस्टनही फुटला असता. पान्यानं फिरवताना मात्र हाताला नुसता ‘थांब’ असा निरोप येतो. साताऱ्याच्या त्या गृहस्थांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: बॅटरी आणूच नका. पाना आणा.

मग पुढचं कव्हर काढलं. पाँटियाकच्या या इंजिनांत कॅमच्या चक्राचे दात आवाज कमी व्हावा म्हणून नायलॉननं मढवलेले असत. वयानं ते नायलॉन ठिसूळ होतं. माझ्या चक्राचे अर्धे दात उघडे पडले होते आणि चेन बोटानं दाबली तर चांगली आत जात होती. नायलॉन गेलं कुठं? चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, उतरवला तेव्हा ते ऑइल पंपाच्या जाळीत सापडलं. पिवळट तुकडे, तांदळातल्या खड्यांसारखे. मी ते स्टीलच्या ताटलीत काढून ठेवले, अजून आहेत. हे इंजिन सुरू झालं असतं, नक्की झालं असतं, आणि दोन मैलांवर तेलावाचून बेअरिंगं धरून बसलं असतं. गाडी सुरू करून दाखवणाऱ्यांना टाळ्या मिळतात, पण जाळीत काय अडकलंय ते टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसत नाही.

इंजिन पूर्ण उतरवून सिलिंडरचा बोअर तीस थाऊनं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा केला, क्रँक घासून घेतला. पत्र्याचं काम बाहेर दिलं. छताला व्हाइनलचं आवरण होतं, त्याखाली पाणी मुरून मागच्या काचेची चौकट आणि डिकीचा तळ गेला होता. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं मागच्या चाकांपाठचा पत्राही खाल्ला होता. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, लांबी भरून झाकला नाही. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, तो माझा प्रांत नव्हे.

जाणूनबुजून एकच बदल केला. मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, १०.७५ला १ होतं, आणि ते शिसं घातलेल्या भारी पेट्रोलवर बेतलेलं होतं. ते पेट्रोल आता रस्त्यावरच्या गाड्यांसाठी मिळत नाही. म्हणून वाटी कोरलेले पिस्टन घालून कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास आणलं. बाहेरून काही दिसत नाही, हेड मूळचीच आहेत. ‘गरम’ कॅम घातला नाही, कारखान्याच्या मापाचाच घातला. आजोबांची गाडी जशी चालायची तशी चालावी एवढंच मला हवं होतं. नव्या कॅमचं पहिलं सुरू होणं फार नाजूक असतं. या इंजिनांचे टॅपेट सपाट तळाचे, कॅमवर घासत चालतात. आजच्या तेलात जस्ताचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असतं, कारण त्या जस्ताच्या संयुगातलं फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला सोसत नाही. म्हणून जस्त असलेलं तेल घालायचं, डेल्कोच्या भोकातून ड्रिलनं ऑइल पंप फिरवून प्रत्येक रॉकरपर्यंत तेल चढलेलं डोळ्यांनी पाहायचं, आणि सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं २,००० फेऱ्यांच्या वर चालवायचं, स्लोवर येऊ द्यायचं नाही. यजमान पाण्याचा पाइप आणि अग्निशामक घेऊन उभे होते. वीस मिनिटं झाली. ब्लॉकवरचा नवा निळा रंग तापून वास येत होता, बाकी सगळं ठीक होतं.

आणि तिथून पुढं वर्षभर गाडी नीट चालली नाही.

हाच या पत्राचा मुख्य भाग आहे, कारण लेखात ट्यूनिंग म्हणजे ‘कार्बोरेटर सेट करणे’ असं म्हटलं आहे, आणि मीसुद्धा वर्षभर तेच करत बसले.

लक्षणं सांगते. स्लोवर इंजिन थरथरायचं. पिकअप जड. सिग्नलला थांबलं की पाण्याचा काटा चढायचा. इंजिन किती जोरानं हवा ओढतं ते सांगणारं व्हॅक्यूम गेज लावलं तर पाऱ्याचे जेमतेम १३ इंच दाखवायचं. अशा इंजिनात ते १७ ते २१च्या मध्ये, आणि काटा स्थिर हवा. कार्बोरेटरवरचे स्लोचे दोन्ही स्क्रू आत घ्या, बाहेर घ्या, इंजिनाला फरकच पडत नव्हता. यावरून कोणीही म्हणेल, कार्बोरेटर गेला. गाडीवर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट आहे. त्याची पुढची दोन भोकं लहान आणि मागची दोन चांगलीच मोठी, रोजच्या चालीत लहान भोकांवर काटकसर आणि पाय दाबला की मागची उघडतात. कार्बोरेटर उत्तम, पण त्याला खोडी आहेत. बुडातल्या बुचांतून पेट्रोल झिरपतं, थ्रॉटलची दांडी झिजून बाजूनं हवा ओढते, आणि आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलनं पंपाचं जुनं रबर फुगतं. मी तो एका दुकानात पाठवून दुरुस्त करून घेतला. फरक नाही. परत पाठवला. त्यांनी तपासून, काही दोष नाही म्हणून तसाच परत पाठवला, तेव्हा मी त्यांना कडक शब्दांत पत्र लिहिलं. मग तापतंय म्हणून नवा रेडिएटर घेतला. मधे केव्हातरी स्लोवर बंद पडू नये म्हणून थ्रॉटलचा स्क्रू दोन फेरे आत दिला.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते? ते मी पहिल्याच दिवशी लावलं होतं आणि दर महिन्याला तपासत होते. एक नंबरच्या प्लगच्या तारेला टायमिंग लाइट, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद, डेल्कोतले पॉइंट (ज्यांच्या उघडझापीनं ठिणगी पडते ते) उघडायचं अंतर १६ थाऊ, ड्वेल, म्हणजे ते मिटलेले राहण्याचा काळ, ३० अंश. या डेल्कोच्या टोपीला पत्र्याची छोटी खिडकी आहे, ती वर सरकवून इंजिन चालू असतानाच ॲलन कीनं पॉइंट जुळवता येतात. इतकी चांगली सोय आहे ती. पुलीवरची खूण बरोबर ९ अंशांवर दिसायची, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या ९ अंश आधी ठिणगी. पुस्तकात ९ लिहिलंय, लाइट ९ दाखवतोय, विषय संपला.

२०२२च्या उन्हाळ्यात मिरजेहून भावाचा फोन आला. अण्णांच्या गॅरेजची जागा द्यायची होती, सामान काय ठेवायचं ते विचारत होता. कॅमेरा फळ्यांवरून फिरवत होता. एका डब्यात जुने प्लग होते आणि त्यात एक वेगळा होता. आतली चिनी माती फोडून काढलेली आणि पोटात एक गोल टोकाचा बोल्ट वेल्ड केलेला. मी त्याला म्हटलं, थांब, तो जवळ दाखव. आणि माझ्या पोटात धस्स झालं.

अण्णा कुठल्याही इंजिनाचं टायमिंग लावण्याआधी तो प्लग एक नंबरच्या भोकात बसवायचे. पिस्टन अगदी वर कधी येतो हे साध्या तारेनं कळत नाही. तार भोकात टाकली आणि इंजिन फिरवलं तर ती वर येते, मग काही अंश जागच्या जागी उभी राहते, मग खाली जाते, कारण टोकाला पिस्टन जवळजवळ हलतच नाही. त्या उभ्या राहण्यातला नेमका मधला क्षण डोळ्याला सापडत नाही. अण्णा तो शोधतच नसत. हा बोल्टचा प्लग पिस्टनला वर पोचण्याआधीच अडवतो. इंजिन हातानं एका बाजूनं फिरवायचं, पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर खडूची रेघ. मग उलट्या बाजूनं फिरवायचं, परत टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा ‘वर’. मी नववीत असताना खडू धरायचं काम माझं असायचं. मग मी सत्तावीस वर्षं असं काम केलं की क्रँक कुठं आहे हे सेन्सर सांगतो आणि त्याच्यावर शंका घ्यायची नसते, आणि खडू विसरून गेले.

त्याच संध्याकाळी मी तसा प्लग केला. बॅटरीची तार काढली, कारण हे हत्यार आत असताना चुकून सेल्फ लागला तर पिस्टनला भोक पडेल. बाकीचे सात प्लग काढले, पुलीला अंशांची चकती लावली आणि तिचं शून्य त्या प्रसिद्ध खुणेशी जुळवलं. एका बाजूला पिस्टन टेकला ४० अंशांवर. दुसऱ्या बाजूलाही ४० यायला हवे होते. आले १६. मी तीन वेळा केलं. ४० आणि १६. फरकाचं निम्मं १२. खूण १२ अंशांनी खोटी होती.

कारण असं. क्रँकच्या टोकाला जे जड चाक असतं त्याचे दोन भाग असतात, आतला गड्डा आणि बाहेरचं कडं, मध्ये रबराचा थर. इंजिनाची थरथर शोषून घ्यायला ते रबर असतं. खूण असते बाहेरच्या कड्यावर. पन्नास वर्षांत रबर सुटलं आणि कडं गड्ड्यावर फिरलं. मी ते चाक साफ करून, रंगवून परत बसवलं होतं. रबराकडे पाहिलं नव्हतं.

म्हणजे लाइट ९ अंश आधी दाखवत होता तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात पिस्टन वर जाऊन परतायला लागल्यावर, ३ अंश उशिरा पडत होती. आणि मग वर्षभराची सगळी लक्षणं एका ओळीत उभी राहिली. पेट्रोलला जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी आधी द्यायची असते. ती उशिरा पडली की जळण्याची उष्णता पिस्टन खाली ढकलण्यात खर्च न होता एक्झॉस्टमध्ये आणि हेडच्या पाण्यात जाते, म्हणून गाडी तापत होती. स्लोवर जोर नाही म्हणून व्हॅक्यूम कमी. बंद पडू नये म्हणून मी थ्रॉटल उघडा ठेवला. थ्रॉटल तेवढा उघडला की स्लोच्या भोकांऐवजी वरच्या चिरेतून पेट्रोल ओढलं जातं, म्हणून स्लोचे स्क्रू मेल्यासारखे झाले होते. कार्बोरेटरमध्ये काडीचा दोष नव्हता. त्या दुकानाला मी फोन करून माफी मागितली. तिकडचा म्हातारा कारागीर शांतपणे म्हणाला की कार्बोरेटर म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी डेल्कोच्या असतात, आम्ही त्याला सरावलो आहोत.

नवं चाक आणलं, ते बसवून पुन्हा त्या प्लगनं तपासलं, दोन्ही बाजूंना सारखे अंश आले. डेल्को सैल करून फिरवला. या इंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे ठिणगी लवकर आणायची तर डेल्को घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. मी अगदी केसभर सरकवत होते आणि आवाज बदलत होता. घसा बसलेल्या माणसाचा आवाज हळूहळू मोकळा व्हावा तसा. ९ अंशांवर आणून बोल्ट आवळला. गेज साडेअठरावर स्थिर. फेऱ्या इतक्या वाढल्या की थ्रॉटलचा स्क्रू मी घातलेले दोन्ही फेरे परत काढावा लागला. आणि मग स्लोचा स्क्रू पाव फेरा आत घेतला, तर इंजिन लगेच अडखळलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या स्क्रूनं मला उत्तर दिलं. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, गेज जिथं सर्वात वर जाईल तिथं ठेवले. अर्ध्या तासाचं काम.

म्हणून, संपादक महोदय, लेखकांनी दिलेला क्रम मी आपल्या वाचकांसाठी उलटा करून मागते. आधी हातानं फिरवणं. मग तेल पोचतंय का. मग व्हॉल्व्ह, चेन, कॉम्प्रेशन. मग खूण खरी आहे का. मग पॉइंट, मग टायमिंग, मग वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी आणणारी डेल्कोतली वजनं फेऱ्यांबरोबर मोकळी उघडतात का आणि परत येतात का. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. जो मनुष्य मोठा कार्बोरेटर लावून सुरुवात करतो तो दुसऱ्याच दोषावर पेट्रोल ओतत असतो. आणि कारखान्यानं दिलेली ताकद गाडीत पूर्ण आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तिच्यात भर घालायला निघणं मला पटत नाही, मग ती गाडी पाँटियाकची असो वा कुर्ल्याच्या प्रीमियरची.

दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटहून पाँटियाकला जाणाऱ्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, १९९५पासून. गेल्या वर्षी आजोबांच्या मुलीला शेजारी बसवून मी जीटीओ घेऊन गेले. ऊन कडक होतं, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, आणि पाण्याचा काटा मधोमध होता. पाँटियाक ही कंपनी २०१०मध्ये संपली, फाउंड्रीही आता नाही. एका सिग्नलला ती म्हणाली, “बाबा इथं थांबले की असाच आवाज यायचा.” मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

साताऱ्याच्या गृहस्थांसाठी शेवटचं. तुमच्या फियाटच्या पुलीत रबर नाही, त्यामुळे खूण सरकण्याचा धोका त्या गाडीला नाही. पण चेन आहे, डेल्को आहे, वीस वर्षं न हललेले व्हॉल्व्ह आहेत. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, हार घाला, फक्त सेल्फ मारू नका. मी जानेवारीत मिरजेला येणार आहे. फियाटच्या आणि पाँटियाकच्या प्लगचा आटा एकच आहे, १४ मिलिमीटरचा. अण्णांचा तो प्लग भावानं माझ्यासाठी ठेवला आहे. आपण माझा पत्ता त्यांना कळवलात तर मी तो घेऊन साताऱ्याला येईन. खडू त्यांनी आणावा.

आपली नम्र,
एक वाचक
ऑकलंड काउंटी, मिशिगन (मूळ गाव मिरज)
(नाव छापू नये, ही विनंती.)